कच्ची वही, पक्की वही

मंडळी, यावेळचा विषय वाचून हसू नका. मी इलेक्ट्रिक गिटारीवर लिहिणार आहे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला हे काय सुचलं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल. नातेवाईक मंडळींना मात्र वाटणार नाही, कारण गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरातली ‘ती भानगड’ फोनवरून सगळीकडे पोचलेली आहे. प्रत्येकाला ती वेगवेगळ्या तोंडून कळली आहे. तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

आमचा नातू इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत सांगलीला आला तो गिटार बनवायची असं ठरवूनच. विकत घ्यायची नाही, बनवायची. मी म्हटलं, “अरे, बाजारात मिळते ना?” तर म्हणाला, “आजी, विकतची वाजवता येते. पण ती तशी का वाजते ते नाही कळत.” हे उत्तर ऐकून माझ्यातली मास्तरीण खूश झाली आणि मागच्या पडवीचा सुतारखाना झाला.

आपण मिरजेच्या शेजारची माणसं. वाद्य म्हटलं की आपल्याला भोपळा आठवतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे ते भलेमोठे वाळलेले भोपळे आणि त्यांतून घुमणारा तंबोरा. आवाज यायचा तर पोकळी हवीच, अशी माझी पक्की समजूत. इलेक्ट्रिक गिटार त्या समजुतीच्या उलट. तिचं अंग बहुधा भरीव असतं, नुसतं ठोकळ्यासारखं. तारेखाली एक ‘पिकअप’ असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं. ती इवलीशी वीज अँप्लिफायरने मोठी केली की झाला आवाज. म्हणूनच नायलॉनची तार लावली तर हे वाद्य मुकं राहतं.

लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची जाड ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवून हे करून पाहिलं. त्याला तो ‘लॉग’, म्हणजे ओंडकाच म्हणायचा. पुढे त्याने एक पोकळ गिटार मधोमध कापून तिचे दोन भाग ओंडक्याच्या दोन बाजूंना लावले. तो सांगत असे की नुसता ओंडका वाजवला तेव्हा लोकांनी दाद दिली नाही, पण गिटारीसारखा दिसायला लागल्यावर दिली. आवाज तोच! म्हणजे हे गिटारीचे ‘खांदे’ बरेचसे आपल्या डोळ्यांसाठी आणि मांडीवर नीट बसण्यासाठी असतात.

मग नातवाने कागद-पेन्सिल घेतली आणि प्रश्नांची रांग लागली. लाकूड कुठलं, लांबी किती, मान चिकटवायची की स्क्रूने बसवायची, पिकअप एक की दोन, घोडी स्थिर की हलती. पहिला आठवडा त्याने करवत हातातच घेतली नाही, नुसता विचार. आजूबाजूचे म्हणायला लागले, हा काही करत नाही. मी म्हटलं, करतोय, तुम्हाला दिसत नाही.

त्याच्या कागदांवर मी एक रेघ मारून दिली. शाळेत आमच्याकडे दोन वह्या असायच्या. कच्ची आणि पक्की. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, पक्क्या वहीत नाही. त्याला म्हटलं, तुझ्या प्रश्नांचे असे दोन भाग पाड. जे नंतर बदलता येईल ते कच्च्या वहीत, एकदा केलं की संपलं ते पक्क्या वहीत. आणि वेळ पक्क्या वहीवर घालव.

तो बराच वेळ यादीकडे बघत बसला. मग जी विभागणी झाली ती पाहून आम्हा दोघांनाही मजा वाटली. लोक ज्याच्यावरून सर्वांत जास्त वाद घालतात ते बरंचसं कच्च्या वहीत गेलं.

पिकअपचंच घ्या. पहिला त्याने घरीच गुंडाळला, माझ्या शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर. ०.०६ मिलिमीटर जाडीची तार, सात-आठ हजार वेढे. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमलं. वाजलाही छान, पण मागे सतत ‘घूं’ असा आवाज. घरातल्या विजेचे सेकंदाला ५० हेलकावे त्या वेटोळ्यात शिरत होते. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की घूंचा सूर बदलायचा! यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली उपाय काढला. दोन वेटोळी शेजारीशेजारी, एकाचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेली घूं एकमेकींना खोडून काढते. याला हंबकर म्हणतात. फुकट मात्र काही नसतं. घूं जाते, तसा एकेरी वेटोळ्याचा तो लखलखीत, काचेसारखा टणत्कारही थोडा जातो. नातवाने हंबकर मागवले. जुना काढून नवा बसवायला डाग द्यायच्या बंदुकीने अर्धा तास लागला. आवाजाचं बटण २५० किलोओहमचं होतं ते ५०० चं केलं, म्हणजे वरचे सूर जास्त दबत नाहीत. टोनच्या बटणाला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नाही आवडला तर ०.०४७ चा लावायचा, म्हणजे बटण फिरवल्यावर आवाज आणखी मऊ होतो. ही सगळी खाडाखोड चालणारी वही.

मान स्क्रूने बसवायची हेही त्याने ठरवलं. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारीची मान चार स्क्रूंनी बसवलेली होती. बिघडली तर काढा, दुसरी लावा. दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं ते! गिब्सनवाले मान चिकटवत. ती रचना देखणी दिसते, हाताला जोड लागत नाही, पण काही झालं तर उकलणं कठीण.

आता पक्की वही. तिच्यात पहिली लांबी. वरच्या हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी किती, यावर बाकीचं सगळं बेतलेलं असतं. फेंडरची ६४८ मिलिमीटर, गिब्सनची साधारण ६२८. फक्त दोन सेंटिमीटरचा फरक, पण त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावायला लांब मापाला सुमारे सहा टक्के ताण जास्त लागतो. तार ओढून मींड घ्यायची असेल तर बोटांना तो जाणवतो. आमच्या नातवाची बोटं माझ्यासारखीच आखूड. त्याने ६२८ घेतलं.

लांबी ठरली की पडद्यांच्या जागा ठरतात. आपल्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. म्हणजे सतारीने ही वही कच्चीच ठेवली आहे. गिटारीत तसं नाही. लाकडात करवतीने खाच पाडायची आणि पडदा ठोकून बसवायचा. हिशेब असा की लांबीला १७.८१७ ने भागायचं, तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं, तिथे दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३१४ मिलिमीटरवर येतो आणि तिथे वरचा सा मिळतो. जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ घेत. १५८१ साली ल्यूट या वाद्यासाठी हा १८ चा नियम लिहून ठेवणारा विन्सेंझो गॅलिली म्हणजे दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचा बाप. पण १८ ने भागलं तर आमच्या मापात बारावा पडदा दोन मिलिमीटर आधीच येतो.

आणि तिसरं, लाकूड. सहा तारांचा मिळून ताण ४५ ते ५० किलो होतो. म्हणजे गव्हाचं एक पोतं त्या मानेला रात्रंदिवस, वर्षानुवर्षं ओढत असतं. म्हणून मानेच्या पोटात पोलादी सळई घालतात, पाना फिरवून मान सरळ करता यावी म्हणून. मान त्याने सागवानाची केली. अंगासाठी मिरजेतल्या एका वयस्कर सतारकाराकडून तुणीचं लाकूड मिळालं. सतारीला वापरतात तेच, आणि महोगनीच्या कुळातलं. अंगाच्या लाकडाने इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजात किती फरक पडतो यावर वादक हमरीतुमरीवर येतात. पिकअप आणि तारांपुढे तो फरक बारीकच. पण पडदे ज्या पट्टीत बसतात आणि बोटं ज्याच्यावर घासतात त्या पट्टीचं लाकूड टणक, घट्ट आणि न झिजणारं लागतं. जगभर त्यासाठी शिसव वापरतात. पूर्वी ब्राझीलचा वापरत. तो संपत आला तसे अनेक जण भारताच्या शिसवाकडे वळले. मार्टिन या जुन्या अमेरिकन कंपनीने आपल्या पोकळ गिटारींसाठी १९६९ मध्ये हा बदल केला. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली बंदी आली आणि २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर कागदपत्रांचं बंधन आलं. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये.

आणि इथे आमचा पलंग आला.

नातेवाईकांना पलंग माहीत आहे. इतरांसाठी सांगते. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या माहेरून आलेला, अस्सल शिसवी, काळाभोर. यांचा जन्म त्याच पलंगावरचा. हे गेल्यावर माझ्या गुडघ्यांना तो उंच पडायला लागला म्हणून सोडवून माळ्यावर ठेवला. सहा वर्षं तिथेच आहे. नातवाने माळ्यावर काहीतरी शोधताना त्याची बाजूची लांब पट्टी पाहिली आणि खाली येऊन गप्प बसला. दोन दिवसांनी म्हणाला, “आजी, एक विचारू? नाही म्हणालीस तरी चालेल.”

त्याला लागणार होता वीस इंच लांब, अडीच इंच रुंद, पाव इंच जाड तुकडा. पण ती पट्टी कापली की पलंग पुन्हा कधी उभा राहणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

बातमी फुटली. मोठे दीर म्हणाले, वडिलोपार्जित वस्तू आहे. धाकट्या वन्सं फोनवर रडल्याच. “वहिनी, आईचा पलंग कापणार तुम्ही? आणि तेही त्या धांगडधिंग्यासाठी?” माझा मुलगा म्हणाला, “आई, तुझी वस्तू आहे, तू ठरव.” हे उत्तर ऐकायला चांगलं, उपयोगाला शून्य.

मी वन्संना म्हटलं, “पलंग तुमच्याकडे पाठवते. तुमच्या आईचा आहे, तुमचा हक्क आधी.” हे मनापासून म्हटलं होतं. त्या गप्प झाल्या. पुण्यात त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, कुठे ठेवणार? दिरांनाही विचारलं. मुलालाही. पलंग सगळ्यांना हवा होता, पण माझ्या माळ्यावर. राग नाही आला मला. वस्तू कुठेतरी आहे एवढ्यावरही माणसाला बरं वाटतं, हे खरंच आहे. पण माझंही वय झालं. मी गेल्यावर हे घर राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. तेव्हा हा पलंग भंगारवाला नेईल, वजनावर.

त्याच दिवसांत नातवाने मला ब्रायन मेची गोष्ट सांगितली. ‘क्वीन’ या प्रसिद्ध इंग्लिश बँडचा गिटारवादक. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९५० च्या दशकात आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तो तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तर १९६३ च्या ऑगस्टमध्ये, सोळा वर्षांच्या ब्रायनला गिटार हवी होती आणि घरात पैसे नव्हते. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दोघांनी लंडनजवळच्या आपल्या घरी गिटार बनवायला घेतली. मान केली ती एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. ओळखीचे लोक ती टाकून देणार होते. तिला कीड लागलेली, ती भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगात जुन्या टेबलाचं ओक. पडद्यांमधले ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. हलत्या घोडीला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि तिच्या दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं! एकूण खर्च आठ पौंड, वेळ सुमारे दोन वर्षं.

ही गोष्ट मला नुसती काटकसरीची वाटली नाही. त्यांनी जुन्यापान्यातून गिटार केली, पण विचार जुनापाना नव्हता. लांबी २४ इंच घेतली, नेहमीपेक्षा आखूड. अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, अँप्लिफायरचा आवाज तारांना पुन्हा झुलवेल आणि सूर लांबत जाईल म्हणून. पिकअप आधी घरी केले, पण तार बाजूला ओढली की ते नको तो आवाज करत, म्हणून ते काढून विकतचे तीन बसवले. कच्ची वही ती! प्रत्येक पिकअपला वेगळं बटण, आणि आवाजाची दिशा उलटवायला आणखी एकेक. तीच गिटार घेऊन तो पुढे जगभर वाजवत हिंडला आणि जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहिला. गंमत म्हणजे पोराने खगोलशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकून त्याच गिटारीमागे जावं हे वडिलांना मुळीच पसंत नव्हतं. पीएच.डी. त्याने शेवटी २००७ साली पुरी केली, पण ते बघायला वडील नव्हते.

ती शेकोटीची चौकट कुणाच्या तरी आजीच्या घरातली असणार. तिच्यासमोर कोणीतरी हात शेकले असतील. चौकट म्हणून ती उरली नाही. पण आहे.

मी नातवाला हो म्हटलं. पण अट घातली. शिसवाला हात लावायच्या आधी पूर्ण पट्टी आंब्याच्या लाकडावर करून दाखवायची. सगळ्या २२ खाचा. त्याने केली आणि चुकली. प्रत्येक खाच तो आधीच्या खाचेपासून मोजत होता, त्यामुळे केसाएवढी चूक पुढे सरकत, साठत गेली आणि बाराव्या पडद्यावर दीड मिलिमीटर झाली. सा बेसूर. मग मिरजेच्या त्या सतारकारांनी सांगितलं, “बाळ, मोजायचं ते नेहमी एकाच टोकापासून.” दुसरी पट्टी त्याने तशी केली. एकच पट्टी टेप, सगळी मापं वरच्या हाडापासून. ती बरोबर आली. तरी मी तिसरी करायला लावली. तो वैतागला, पण केली.

मधल्या काळात वन्संचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाल्या, “वहिनी, डोक्याकडची नक्षीची फळी मला ठेवा. भिंतीवर लावते.” मला हायसं वाटलं. फळी मी स्वतः पुसून, तेल लावून, जुन्या चादरीत बांधून पाठवली.

पट्टी कापायला आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. शिसवाची धूळ छातीला आणि कातडीला बाधते, म्हणून दोघांनी तोंडं बांधलेली. मी पडवीत बसून होते. वरचा काळा पापुद्रा निघाला आणि आतून जांभळट तपकिरी, रेघारेघांचं लाकूड दिसलं. इतकी वर्षं मी त्या पलंगावर झोपले, पण आतला रंग पहिल्यांदा पाहिला. वास गोडसर आला. मिस्त्री म्हणाले, “बाई, असलं लाकूड आता मिळत नाही.” मला एकदम भरून आलं, आणि कापू नका म्हणावंसं वाटलं. पण म्हटलं नाही. करवत चालू झाली होती.

गिटार दिवाळीत पूर्ण झाली. अजून थोडं थोडं चालू आहे. परवाच त्याने कपॅसिटर पुन्हा बदलला. ते चालायचंच. पडदे मात्र जिथल्या तिथे आहेत आणि सगळे सुरात आहेत.

वन्सं भाऊबीजेला आल्या होत्या. नातवाने वाजवून दाखवली. त्यांनी कानावर हात ठेवून ऐकली, मग म्हणाल्या, “आवाज कमी कर रे.” वाजवून झाल्यावर त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि पट्टीवरून बोट फिरवलं. मला विचारलं, “ही कुठल्या बाजूची?”

म्हटलं, “भिंतीकडची.”

“मग माझ्या बाजूची,” त्या म्हणाल्या. “लहानपणी मी भिंतीकडे झोपायची.”

असो. उरलेली पट्टी अजून आहे. त्यातून आणखी तीन-चार गिटारींचं काम होईल असं नातू म्हणतो. धाकट्या सूनबाईंनी मात्र एका लाटण्याचं आत्ताच सांगून ठेवलंय, तेव्हा ज्या कोणाला काही हवं असेल त्यांनी वेळेवर कळवावं. पाय आणि आडव्या फळ्याही माळ्यावर आहेत. पण काय करायचं ते आधी कच्च्या वहीत लिहून मला दाखवायचं, मगच करवत मिळेल.